तो लॅम्प आहे, दिवा नाही

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. लगेच हात जोडू नका. समई नाही मी, निरांजन तर नाहीच. मला तेल लागत नाही, वात लागत नाही. एक वायर आणि एक बटण, बास. मुलुंड पूर्वेला एका नव्या टॉवरमध्ये, हॉल संपून पॅसेज सुरू होतो त्या कोपऱ्यात मी उभा असतो. भर दुपारीसुद्धा मला चालू ठेवतात. का ते सांगतो, पण जरा दमाने घ्या. माझं वय झालंय, आणि खरं सांगू का, मी थकलोय.

आधी माझं रूप सांगून टाकतो, म्हणजे तुमचं हसून होईल. माझं बूड चौकोनी, पांढरं, त्यावर काळ्या अळ्या वळवळाव्यात अशी नक्षी. त्यावर एक पिवळाधमक खांब, तोही तिरपा. खांबाच्या बाजूला मोरपिशी रंगाची अर्धी चकती. तिचा उपयोग काय, हे मला आजवर कळलेलं नाही. आणि सगळ्यात वर पत्र्याची लालभडक टोपी, खालून आणि वरून उघडी. हसलात? हसा. सगळेच हसतात. मी कधीच सोडून दिलंय मनाला लावून घेणं.

माझा जन्म इटलीतला, मिलान शहरातला. तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. तिथल्या काही डिझाइन करणाऱ्या मंडळींना भयंकर कंटाळा आला होता. ज्या घरात जावं तिथे काळं, करडं आणि चकचकीत स्टील. खुर्ची गंभीर, टेबल गंभीर, दिवा तर सुतकात असल्यासारखा. त्यांनी ठरवलं, वस्तूंनी इतकं शहाण्यासारखं वागायचंच कशाला? मग त्यांनी लाल, पिवळे, निळे रंग काढले, स्वस्तातल्या हॉटेलांच्या टेबलांवर असतो तो सनमायका काढला, आणि आमच्यासारखी पिल्लावळ जन्माला घातली. काही लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. बाकीच्यांनी नाकं मुरडली.

मला जोडणाऱ्या कारागिराने शेवटी माझ्या बुडाशी पितळेची एक छोटी पट्टी बसवली. तिच्यावर काळ्या रंगात बारीक अक्षरं उमटवलेली होती. बनवणाऱ्याचं नाव, गाव आणि माझा नंबर. बोटाला ती अक्षरं खरखरीत लागायची. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मग मी एका दुकानाच्या काचेत जाऊन बसलो. तिथे मला विद्याधर भेटला. भांडुपच्या एका कारखान्यातला इंजिनियर. नवीन मशीन शिकून घ्यायला कारखान्याने त्याला मिलानला धाडलं होतं. अंगात करडा सफारी, पायात काळे बूट, बोलणं मोजकं. रोज संध्याकाळी काम सुटलं की तो काचेपुढे येऊन उभा राहायचा आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसायचा. ते हसणं वेगळं होतं, बरं का. चेष्टेचं नव्हतं. आयुष्यभर नियमात वागलेल्या माणसाला वर्गातला वांड मुलगा आवडावा, तसं ते होतं. परत निघायच्या आदल्या दिवशी तो आत आला आणि मला घेऊनच गेला.

त्या काळात परदेशाहून येणारा माणूस काय आणायचा, तुम्ही आपल्या आजोबांना विचारा. रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं टू-इन-वन, कॅमेरा, सेंटच्या बाटल्या, न चिकटणारी कढई. विद्याधरची बॅग उघडली तेव्हा मिठागर रोडवरच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या घरात अर्धी बिल्डिंग जमली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मी बाहेर आलो आणि सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

"हे काय आहे?" त्याच्या बायकोने, मृणालिनीने विचारलं. ती घाटकोपरच्या टेलिफोन ऑफिसात नोकरीला होती. आवाज खणखणीत.

"लॅम्प आहे. इटालियन डिझाइन."

"आणि टू-इन-वन?"

"ते राहिलं."

तिने कपाळाला हात लावला. "वा! परदेशात जाऊन काय दिवे लावलेत हो तुम्ही!"

"लावायचाच आहे," विद्याधर म्हणाला, "प्लग कुठाय?"

सगळे खो खो हसले. तीही हसली, पण नंतर. बरं, माझा प्लगही त्या घरातल्या सॉकेटमध्ये बसेना. तीन पिना एका ओळीत होत्या ना त्याच्या! शेवटी कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन आला, त्याने तो कापला आणि इथला बसवला. अशा रीतीने मी मुलुंडचा झालो.

पुढची वर्षं कामाची गेली. संध्याकाळी विद्याधर माझ्या उजेडात वाचत बसायचा. त्याचा मुलगा मुकुल तेव्हा लहान होता, तो माझ्या टोपीवर आपली शाळेची टोपी चढवायचा आणि मला सॅल्यूट ठोकायचा. शेजारच्या बाई आल्या की विचारायच्या, "अगंबाई, गणपतीचं डेकोरेशन अजून काढलं नाहीत वाटतं?" एक काका तर मला बघून म्हणाले, "सनमायकाच लावायचा होता तर इथला सुतार काय वाईट होता?" मी ऐकून घेत असे. दिव्याला दुसरं करता काय येतं?

पण एका गोष्टीचं मला वाईट वाटायचं. वर्षातून एकदा, आषाढ संपताना, दिव्याची अवस यायची. तुमच्या घरी करतात का रे अजून? त्या दिवशी मृणालिनी ऑफिसला दांडी मारायची. घरातले सगळे दिवे खाली काढायची. सासूकडून आलेली समई, देवघरातली निरांजनं, माळ्यावरचा कंदील, अगदी लाइट गेल्यावर लागणारी विजेरीसुद्धा. चिंच आणि मीठ लावून पितळ असं घासायची की त्यात तोंड बघावं. मग पाटावर सगळ्यांना ओळीने बसवायची, भोवती रांगोळी, प्रत्येकाला हळदकुंकू, फूल. कणकेचे गोड दिवे उकडून त्यांचा नैवेद्य. वर्षभर आपल्याला उजेड दिला म्हणून त्यांचे आभार, आणखी काय.

दरवर्षी विद्याधर म्हणायचा, "अगं, ह्यालाही ठेव ना ओळीत."

आणि दरवर्षी ती म्हणायची, "तो लॅम्प आहे. दिवा नाही."

विजेरीला जागा होती, मित्रांनो. सेलवर चालणाऱ्या विजेरीला! आणि मी, रोज रात्री त्या घराचं वाचन सांभाळणारा, कोपऱ्यात उभा राहून बघायचो. माझ्या लाल टोपीच्या आत बल्ब तापायचा तो नुसता विजेने नव्हे.

असो. वर्षं गेली. मुकुल मोठा झाला, नोकरीला लागला, स्वरदा नावाची गुणी सून घरात आली, त्यांना गार्गी झाली. तिनेही माझ्या टोपीवर टोप्या चढवल्या. मग एका हिवाळ्यात विद्याधर आजारी पडला आणि गेला. पुस्तक माझ्याजवळ उलटं ठेवलेलं तसंच राहिलं. कितीतरी दिवस मला कुणी लावलं नाही. मला वाटलं, संपलं आपलं. माळ्यावर जाणार आपण.

त्या वर्षी दिव्याची अवस आली. मृणालिनी रिटायर झाली होती, आता तिला दांडी मारायची गरज नव्हती. तिने समई ठेवली, निरांजनं ठेवली, कंदील ठेवला. मग ती उठली, माझा प्लग काढला, मला उचललं आणि पाटावर समईच्या शेजारी बसवलं. "बस इथे," म्हणाली. "कधीचे म्हणत होते ते." माझ्या पांढऱ्या सनमायकावर तिने हळदकुंकू लावलं. त्या कुंकवाचा डाग माझ्या बुडावर अजून आहे. तो पुसू नका, एवढं माझं ऐका.

त्या दिवसापासून ती मला दिवा म्हणायला लागली. रोज दिवेलागणीला आधी देवापुढचं निरांजन लावायची, मग येऊन माझं बटण दाबायची. बल्ब तापला की टोपीवरून वर येणाऱ्या उबेवर दोन्ही तळवे धरायची आणि डोळ्यांना लावायची, आरती घेतात तशी. कुणी बघत नाही ना, हे आधी बघून घ्यायची. मी बघायचो.

मग आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या घरात काही वर्षं काढून आम्ही ह्या टॉवरात आलो. नवं घर सजवायला स्वरदाने केयूर नावाच्या इंटिरियर डिझायनरला बोलावलं. मुलगा हुशार, बोलण्यात गोड. त्याने घर कसं केलं? भिंती करड्या, सोफा करडा, पडदे करडे, लादी करडी. "एकदम म्यूट ठेवलंय, काकू," तो मृणालिनीला म्हणाला, "डोळ्यांना शांत वाटतं." ज्या रंगाला कंटाळून मिलानमध्ये आम्हाला जन्माला घातलं, तोच रंग इतकी वर्षं चालत चालत मुलुंडला येऊन पोहोचला होता. मी हसलो असतो, पण अंगात तेवढी ताकद नव्हती. त्यातून स्वरदाने माझा जुना बल्ब काढून एलईडी बसवला. उजेड बरा पडायचा, पण टोपी गारच राहायची. मृणालिनीने पहिल्या संध्याकाळी तळवे धरले आणि तसेच मागे घेतले.

तिने हट्ट धरला फक्त एकाच गोष्टीचा. "माझा दिवा पॅसेजच्या कोपऱ्यात हवा." का, ते सांगितलं नाही. पण मला लवकरच कळलं.

त्या घरात ती धडपडत होती. सोफ्याच्या कडेला तिची नडगी आपटायची. करड्या टेबलावरचा करडा पेला लवंडायचा. दाराची चौकट खांद्याला लागायची. कुणी विचारलं की म्हणायची, "नवं घर आहे, सवय व्हायला वेळ लागतो." सगळ्यांना पटायचं. पण मी कोपऱ्यात उभा होतो ना. सोफ्यावरून उठली की ती आधी मान हळूहळू फिरवून मला शोधायची. मी सापडलो की माझ्या दिशेने सरळ चालत यायची, माझ्या टोपीला हात लावायची आणि तिथून डावीकडे वळून आपल्या खोलीत जायची. कुणी नसलं तर पुटपुटायची, "आहेस ना रे?"

तिची नजर जात होती, मित्रांनो. कडेकडेने सगळं धुरकट होऊन मध्ये एक छोटा झरोका उरला होता, आणि त्या करड्या घरात त्या झरोक्याला दिसणारी एकच गोष्ट होती. मी. ज्या भडकपणापायी मी जन्मभर टोमणे खाल्ले, तो आता कुणाच्या तरी कामाला येत होता.

तिने कुणाला सांगितलं का नाही? मी ऐकलंय तिला फोनवर चेंबूरच्या मैत्रिणीशी बोलताना. "कळलं ना की गॅसपासून लांब करतील. बाजारात एकटीला सोडणार नाहीत. खुर्चीत बसवतील आणि चहा हातात आणून देतील. मी अजून मेले नाहीये गं." मला तिचं पटत नव्हतं आणि पटतही होतं.

एकदा केयूर कपाटाचं काहीतरी बघायला आला होता. आधी मला त्याने नीट पाहिलंच नसावं. त्या दिवशी त्याने वाकून बघितलं, मला उलटं केलं, मोबाइलची बॅटरी बुडावर मारली आणि जागच्या जागी ओरडला, "अरे यार! ही ओरिजिनल पट्टी आहे!"

"म्हणजे?" स्वरदाने विचारलं.

"म्हणजे काय, ताई! हा लॅम्प लोक म्युझियममध्ये जाऊन बघतात. आज जगभर कलेक्टर मागे लागलेत ह्यांच्या. नाव, नंबर सगळं आहे. आणि तुम्ही त्याला कोपऱ्यात उभं केलंय!"

त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, घाटकोपरचे रतनभाई. असल्या वस्तू जमवायचा त्यांना नाद. केयूरने तिथूनच फोन लावला. पुढच्या रविवारी ते बघायला येणार असं ठरलं.

ह्या घरातली माणसं वाईट नाहीत हो. मुकुलने रीतसर आईला विचारलं. "आई, दिवा देऊया का? रतनभाई नीट सांभाळतील, काचेच्या कपाटात ठेवतील. इथे उगाच कुणाचा तरी धक्का लागायचा. आणि गार्गीच्या पुढच्या शिक्षणालाही हातभार लागेल. पण तुला नको असेल तर नको."

मी तिच्याकडे बघत राहिलो. एक शब्द बोल, बाई. एकच. नाही म्हण.

"द्या की," ती म्हणाली. "मला काय करायचाय." आणि उठून खोलीत निघाली. जाताना माझ्या टोपीला हात लावायला विसरली नाही.

रविवारच्या आधी दिव्याची अवस होती. मला शेवटचं पाटावर बसायचं होतं. घरात ती एकटीच होती. तिने सगळे दिवे स्वयंपाकघराच्या लादीवर घेतले, चिंच भिजत घातली, मीठ काढलं. आताशा ती डोळ्यांनी नव्हे, बोटांनी घासायची. समईच्या प्रत्येक वळ्यावरून बोट फिरवायचं, खरखर लागली की पुन्हा चिंच. समई झाली, निरांजनं झाली. मग तिने मला मांडीवर आडवं घेतलं. ओल्या फडक्याने माझी टोपी पुसली, खांब पुसला. "परक्या घरी चाललास," म्हणाली, "स्वच्छ होऊन जा. बाईने ठेवलाच नाही नीट, असं नको म्हणायला कुणी."

आणि तिचं बोट माझ्या बुडाशी गेलं. पितळेच्या पट्टीवर.

"अगंबाई, किती मळ बसलाय हा!"

मी ओरडलो असतो हो. मळ नाही तो, माझं नाव आहे! पण दिव्याला तोंड कुठे असतं? तिने चिंच लावली. निघेना. मीठ लावलं. निघेना. मग तारेची घासणी घेतली आणि जुन्या बायका पितळेशी भांडतात तशी ती भांडली, बोट पट्टीवरून गुळगुळीत फिरेपर्यंत. मिलानच्या कारागिराने उमटवलेली अक्षरं मुलुंडच्या मोरीतून वाहून गेली. "आता कसं!" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला रागावता आलं नाही. मग तिने मला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, कणकेचा दिवा पुढे ठेवला.

रविवारी रतनभाई आले. अंगात पांढरा झब्बा, हातात भिंग. त्यांनी मला अगदी लेकरासारखं उचललं. "वाह! एकदम झकास पीस आहे हां," म्हणाले, आणि मला उलटं केलं. भिंग पट्टीवर धरलं. मग चष्मा पुसून परत धरलं.

"केयूरभाई, इथे तर कायच लिहेला नाय."

केयूर धावत आला. "असं कसं? मी स्वतः वाचलंय!" त्याने बॅटरी मारली. पट्टी आरशासारखी चकाकत होती. "वाट लागली! अक्षरं कुठे गेली?"

मुकुलने घरच्यांकडे बघितलं. "कुणी हात लावला होता का ह्याला?"

"मी घासला," सोफ्यावरून मृणालिनी म्हणाली. तिचा आवाज हसरा होता. "दिव्याची अवस झाली ना परवा. खाली पितळेवर केवढा काळा मळ चिकटला होता! हाताला नुसता खरखरीत लागत होता. चांगला तासून काढला बघ."

केयूरने डोक्याला हात लावला. मुकुलचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग तो वैतागून म्हणाला, "अगं आई, काय दिवे लावलेस तू! ती अक्षरं होती! एवढी ढळढळीत काळी अक्षरं, दिसली नाहीत तुला?"

दिसली नाहीत तुला. तो चिडून बोलून गेला, पण ते वाक्य त्याच्याच कानावर पडलं असावं. कारण तो एकदम थांबला.

गार्गी भिंतीला टेकून उभी होती. करड्या भिंतीला, करडाच कुर्ता घालून. ती हळूच म्हणाली, "आजी, मी कुठे आहे?"

मृणालिनीने मान फिरवली. "ही काय, समोर तर आहेस." आणि तिने बोट दाखवलं ते रिकाम्या खुर्चीकडे.

स्वरदा जाऊन तिच्या पायाशी खाली बसली आणि तिचे हात हातात घेतले. "आई, कधीपासून?"

"झाले बरेच दिवस." खणखणीत आवाज पार उतरला होता. "सगळा धूर आहे गं. तुमच्या ह्या घरात मला भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं, काही कळत नाही. मला एकच दिसतं. ते लाल. तिथे कोपरा आहे, तिथून वळायचं आहे, एवढंच कळतं मला. तो होता म्हणून चालत होते मी." मग ती घाबऱ्याघाबऱ्या म्हणाली, "मुकुल, खरंच अक्षरं होती का रे? माझ्यामुळे व्यवहार मोडला का?"

मुकुल रडला, मित्रांनो. चांगला केस पिकलेला माणूस, पाहुण्यांसमोर रडला. "खड्ड्यात गेला व्यवहार," म्हणाला. "आम्ही रोज ह्या घरात होतो, आई. रोज!"

रतनभाईंनी मला अलगद कोपऱ्यात नेऊन ठेवलं, माझी वायर भिंतीत लावली, बटण दाबलं आणि चहालाही न थांबता निघाले. जाताना केयूरला म्हणाले, "माझ्याकडे एवढे दिवे आहेत, पण अशी मागणी एकाला पण नाय."

दुसऱ्याच दिवशी मुकुल तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी थेंब घालून जपायची, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर आला असता तर बरंच वाचवता आलं असतं, असंही म्हणाले. ते वाक्य ह्या घरात नंतर कुणी उच्चारत नाही. पण जेवताना मध्येच सगळे गप्प होतात तेव्हा तेच आठवत असतं, हे मला कळतं.

घर मात्र बदललं. गार्गीने चौकटींना पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, सोफ्याच्या कडेला नारिंगी कापड शिवलं, आजीचे पेले निळेभोर आणले. केयूर स्वतः रंगाचा डबा घेऊन आला. "थीमची पार वाट लावतोय मी आज," म्हणत त्याने पॅसेजची भिंत लाल रंगवली. आणि मृणालिनीला कुणी खुर्चीत बसवलं नाही. ती चहा करते, गार्गी नुसती बाजूला उभी राहते. बाजारात दोघी जातात, पण भाजीवाल्याशी हुज्जत आजीच घालते. जे तिने भीतीपोटी लपवलं, ते आधी सांगितलं असतं तर... जाऊ द्या. म्हटलं ना, मी थकलोय. जर आणि तर मला आता पेलवत नाहीत.

माझी किंमत? शून्य. बिननावाचा, बिननंबरचा, कुंकवाचा डाग पडलेला एक सनमायकाचा दिवा. कुठलंही म्युझियम मला दारात उभं करणार नाही. सारखा चालू राहून माझी वायर कडक झालीये, टोपीचा रंग पोपडे धरतोय. विसावा हवासा वाटतो हो. पण मला बंद करून चालत नाही.

आणि आता शेवटचं सांगतो. थेंब चालू होते, तरी तो झरोका बारीक होतच गेला. परवा संध्याकाळची गोष्ट. मृणालिनी सोफ्यावरून उठली, मान हळूहळू फिरवली. इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मग म्हणाली, "गार्गी, दिवा लावला नाहीस का गं आज?"

मी चालूच होतो. सकाळपासून.

गार्गीने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज तिने जागेवर ठेवला. "थांब आजी, बल्ब बदलायचाय त्याचा." ती खाली पळाली. कुठकुठल्या दुकानांत फिरली देव जाणे, पण परत आली ती जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब घेऊन. असले बल्ब आता कुणी विचारतही नाही. तिने तो माझ्या टोपीत बसवला, बटण दाबलं, आजीला हाताला धरून माझ्यापाशी आणलं आणि तिचे दोन्ही तळवे माझ्यावर धरले.

इतक्या वर्षांनी मी पुन्हा तापत होतो. ऊब वर चढत गेली. मृणालिनीने बोटं थोडी पसरली. मग तिने ते तळवे आपल्या डोळ्यांना लावले. ह्या वेळी आजूबाजूला कुणी बघतंय का, हे तिने बघितलं नाही.

"आहेस रे," ती म्हणाली.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. माझ्यावर धूळ बसली म्हणून माझं काही अडत नाही. तुम्ही फक्त आज घरी जा, आणि आजी कुठे अडखळली, आजोबांनी पेला लवंडला, तर 'सवय नाही' हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका. त्यांच्यासमोर उभे राहा आणि विचारा, "मी कुठे आहे?" त्यांनी बोट कुठे दाखवलं, ते नीट बघा.